साथीचे शब्द

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी महासाथींना तोंड देण्याविषयीचा करार संमत केला. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या वाटाघाटी मुख्यत: लसी कोणाला किती मिळाव्यात, जंतूंचे नमुने कोणी कोणास द्यावेत, औषधनिर्मितीचे तंत्रज्ञान कोणत्या अटींवर वाटावे, याच मुद्द्यांभोवती फिरत राहिल्या. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. भारतासारख्या देशाला तर ते जिव्हाळ्याचे आहेत. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या गावात, वस्तीत, गृहनिर्माण संस्थेत जे घडले ते आठवले की एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला आणि १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. मधल्या जवळजवळ दहा महिन्यांत शासनाच्या हाती खात्रीचे प्रतिबंधक औषध नव्हते; हाती होते ते लोकांना सांगणे. ते कोणत्या शब्दांत सांगितले गेले, कोणती चित्रे दाखवून सांगितले गेले आणि ऐकणाऱ्याने त्यातून काय घेतले, याचा हिशेब आपल्याकडे फारसा मांडला गेलेला दिसत नाही.

पहिल्याच शब्दापासून सुरुवात करावी. 'लॉकडाऊन'साठी मराठी वृत्तपत्रांनी 'टाळेबंदी' हा शब्द घेतला. हा शब्द काही कोशकाराने नव्याने घडविलेला नव्हता, तो गिरणगावातला होता. संप कामगाराचा आणि टाळेबंदी मालकाची, हे लालबाग-परळमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असे. मालकाने गिरणीच्या दाराला टाळे ठोकले की बुडालेली मजुरी, वाण्याकडची उधारी आणि बिऱ्हाड आवरून गावचा रस्ता, एवढा सगळा अर्थ त्या शब्दाच्या पोटात होता. शब्द निवडणाऱ्यांना तो अभिप्रेत नसेलही. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाला आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्या एका शब्दाने शासकीय परिपत्रकापेक्षा अधिक स्पष्ट सांगितले. नंतर महामार्गांवर जे दृश्य दिसले, ते टाळेबंदीच्या जुन्या अर्थाला धरूनच होते.

दुसरा शब्द अधिक दुखावणारा होता. 'सोशल डिस्टन्सिंग' या इंग्रजी संज्ञेचे शब्दश: भाषांतर होऊन 'सामाजिक अंतर राखा' असे फलक दुकानांवर, बँकांमध्ये, मंदिरांच्या बंद दारांवर झळकले. वस्तुत: २० मार्च २०२० रोजीच जागतिक आरोग्य संघटनेने 'शारीरिक अंतर' हा शब्दप्रयोग योग्य असल्याचे सांगितले होते. माणसांनी देहाने दूर राहावे, मनाने व नात्याने नव्हे, हा त्यामागचा विचार होता. योगायोग असा की २० मार्च हीच महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या बांधवांसह सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो ज्या अंतराविरुद्ध, ते अंतर सामाजिकच होते. ज्या समाजाने आपल्याच एका मोठ्या घटकाला पिढ्यान्‌पिढ्या अंतरावर उभे केले, त्या समाजात 'सामाजिक अंतर' हा शब्द आरोग्याचा मंत्र म्हणून उच्चारताना जीभ अडखळायला हवी होती. ती अडखळली नाहीच. उलट, पूर्वजांचे सोवळे-ओवळे म्हणजे विज्ञानच होते, असे अभिमानाने सांगणारे संदेश त्या दिवसांत सुशिक्षित घरांतून फिरत होते. सामाजिक समरसतेचे काम करणाऱ्यांनी ते वाचले असतील आणि त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. सोवळ्याने जन्मावरून माणूस दूर ठेवला. विषाणू जात विचारून येत नव्हता. या दोहोंची सांगड घालणे हा विज्ञानाचाही अपमान होता आणि ज्यांनी ते अंतर सोसले त्यांचाही.

याउलट 'दो गज दूरी' हा शब्दप्रयोग पाहा. २४ एप्रिल २०२० रोजी सरपंचांशी बोलताना प्रधानमंत्र्यांनी त्याचा गौरव केला आणि हा मंत्र गावांनी दिल्याचे सांगितले. त्यात माप आहे, उपदेश नाही. कोणी कोणापासून दूर राहावे असा भेद नाही. मराठीत गज रुळलेला नसल्याने आपण 'सहा फूट' म्हटले, तेही चालले.

तिसरा शब्दसमूह पोलीस ठाण्यातून आला. 'संशयित' हा त्यांतला प्रमुख. ज्याची तपासणी व्हायची आहे तो 'संशयित रुग्ण', ज्याच्या सहवासात तो आला त्यांचा 'शोध', तो सापडला की 'ताब्यात', आणि मग लोकांच्या तोंडी सरळ 'उचलून नेला'. फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रेड क्रॉस यांच्या संयुक्त मार्गदर्शनात असे शब्द टाळण्यास सांगितले होते. 'संशयित' हा त्यांतील एक. आपल्या वार्तापत्रांतून तो अखेरपर्यंत गेला नाही. 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' यांत काय फरक आहे, हे तर आरोग्य खात्याच्या बाहेर फार थोड्यांना उमगले. ज्याला रोग झाला आहे त्याला वेगळे ठेवणे एक आणि ज्याला कदाचित झाला असेल त्याला काही दिवस थांबवून ठेवणे दुसरे, एवढा साधा भेद दोन सारख्या दिसणाऱ्या संस्कृत शब्दांत हरवला. लोकांनी दोन्ही टाकून 'क्वारंटाईन' उचलला, तोही शिक्षा झाल्यासारखा.

येथे भाषाशुद्धीचा विषय निघतोच. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' हे शब्द टिकले, कारण ते नेमके आहेत आणि पहिल्या ऐकण्यातच कळतात. त्यांचे नाव घेऊन आज जे शब्द कार्यालयांतून पाडले जातात, त्यांची घडण संस्कृत असते, पण ते बोलायचे कोणाशी, हा विचार घडविणाऱ्याने केलेला नसतो.

शब्दांइतकेच चिन्ह बोलते. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रात, परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागील बाजूस न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यास सुरुवात झाली. मुंबईतील शिक्क्यावर इंग्रजीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा की, मुंबईकरांचे रक्षण करण्याचा मला अभिमान आहे. आणि सोबत घरात थांबण्याची मुदत. कल्पना चांगली होती. मतदानानंतर बोटावरची शाई आपण मिरवतोच. परंतु त्याच आठवड्यात असे शिक्के असलेले चार प्रवासी पालघरला रेल्वेगाडीतून उतरविले गेले. त्यांनी प्रवास करायला नको होता, हे खरे. मुद्दा इतकाच की, डब्यातल्या माणसांनी शिक्क्यावरचा 'अभिमान' वाचला नाही. त्यांना फक्त शिक्का दिसला. मतदाराची शाई सर्वांच्या बोटांवर असते म्हणून ती गौरवाची होते. थोड्यांच्या हातावर मारलेली तीच शाई डाग ठरते.

दारांवर चिकटविलेल्या कागदांचे तसेच झाले. असे कागद लावल्यावर त्या घरातील माणसांना अस्पृश्यासारखे वागविले जाते, असे निरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२० रोजी नोंदविले आणि ९ डिसेंबरला, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज ते लावू नयेत, असा निर्णय दिला. तोवर साथ येऊन नऊ महिने झाले होते.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते, हीच खेदाची गोष्ट आहे. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईत रोग सापडलेल्या घरांवर वर्तुळाच्या खुणा रंगवल्या जात. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घरतपासणीसाठी गोरे सोजीर आणले. ते देवघरांपर्यंत आणि माजघरांपर्यंत गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा त्यांच्या पाठीशी होता. २०२० मध्ये आपण तोच कायदा पुन्हा बाहेर काढला. त्या वेळची लोकमान्य टिळकांची भूमिका आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. प्लेग नाहीच, असे त्यांनी म्हटले नाही. स्वच्छता, रुग्णाला वेगळे ठेवणे, घरे रिकामी करणे यांची गरज त्यांनी मान्य केली, पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला आणि अनेक पुढारी शहर सोडून गेले असता ते तेथेच राहिले. त्यांचा आक्षेप होता तो उपाय कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने लोकांपर्यंत पोहोचतो, यावर. रोगाइतकीच तपासणीची दहशत बसली की लोक रुग्णाला लपवू लागतात. मग उत्तम उपायही निकामी होतो. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांच्या मागे ही पार्श्वभूमी होती. शासन परके होते, म्हणून हे घडले, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. २०२० मध्ये शासन आपले होते आणि तरीही ३० मार्चला उत्तर प्रदेशात बरेली येथे, पायी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला.

त्या फवाऱ्याचा उगम एका चित्रात आहे, असे आम्हांस वाटते. करड्या गोळ्यावर लाल तुऱ्यांची गर्दी असलेले कोरोनाचे जे चित्र जगभर पसरले, ते अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील दोन चित्रकारांनी जानेवारी २०२० मध्ये तयार केले. विषाणू साधारण एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्याला रंग नसतोच. लाल रंग लक्ष वेधण्यासाठी दिला गेला आणि त्याने आपले काम चोख केले. आपल्याकडे तर त्या गोळ्याला लगेच दात आणि डोळे फुटले. मार्च २०२० च्या होळीत वरळीत 'कोरोनासुरा'ची प्रतिमा जाळली गेली. चेन्नईत एक पोलीस अधिकारी विषाणूच्या आकाराचे शिरस्त्राण घालून रस्त्यावर उभा राहिला. असुर म्हटला की तो कोठेतरी बसलेला असतो, त्याला धुता येते, जाळता येते, फवारता येते. म्हणून आपण भाज्या साबणाने धुतल्या, वर्तमानपत्रे बंद केली, रस्ते फवारले. रोग प्रामुख्याने बंद खोलीतील हवेतून पसरतो, ही गोष्ट त्या चित्रात बसत नव्हती. वायुवीजनाविषयी केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने ठळकपणे सूचना काढली ती मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने शिखर गाठल्यावर. 'खिडक्या उघडा', हे दोन शब्द होते. हात धुण्याची गाणी मात्र वर्षभर वाजत होती.

असुर आला की युद्ध आलेच. महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत जिंकले गेले, ही लढाई एकवीस दिवसांत जिंकायची आहे, असे प्रधानमंत्र्यांनी २५ मार्च २०२० रोजी वाराणसीच्या नागरिकांशी बोलताना म्हटले होते. या देशाला महाभारताची भाषा कळते. त्या भाषेने एका दिवसात शिस्त उभी केली, हे मान्य करावे लागेल. एवढा अवाढव्य देश घरात थांबला, तो केवळ दंडुक्याच्या भीतीने नव्हे. परंतु युद्धाच्या भाषेत एक खोट असते. युद्धाला शेवटचा दिवस असतो आणि विजयाचा शंख असतो. साथीला तसा शंख नसतो. २०२१ च्या जानेवारीत रुग्णसंख्या घटली, तेव्हा शासन, समाज, विरोधी पक्ष, बाजारपेठा आणि लग्नघरे या सर्वांनी तो ऐकल्यासारखे वागायला सुरुवात केली. 'जब तक दवाई नहीं, तब तक ढिलाई नहीं' ही घोषणा तोवर 'दवाई भी और कड़ाई भी' अशी बदलली होती. लोकांच्या कानात राहिली ती 'दवाई'. एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी धावणारी माणसे दिसू लागली.

आणखी एक गोष्ट. डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी यांना आपण 'कोरोना योद्धे' म्हटले, ३ मे २०२० रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली. भाव खरा होता. पण योद्ध्याने मरायची तयारी ठेवायची असते. त्याने चांगला मुखपट्टा आणि अंगरखा मागितला की ते कुरकुरण्यासारखे दिसते. याच योद्ध्यांना काही इमारतींतून घरे सोडायला सांगितली गेली आणि २२ एप्रिल २०२० रोजी त्यांच्यावरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश काढावा लागला. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठीच हा अध्यादेश निघाला, हे विसरता येत नाही.

मग आपल्या परंपरेत रोगाशी बोलण्याची दुसरी काही रीत होती का? होती. मराठीत 'देवी' हा शब्द रोगाचा आहे. देवी 'झाल्या' असे क्वचित म्हणत; त्या 'आल्या' असे म्हणत. घरी पाहुणी आली आहे, तर आवाज करायचा नाही, फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, परक्याने आत यायचे नाही. रुग्ण आपोआप वेगळा राहिला, पण त्याचा तिटकारा कोणी केला नाही, कारण ज्याच्या अंगी देवी आली आहे त्याला वाईट कसे म्हणायचे? दारावरचा निंबाचा डहाळा आणि महापालिकेने चिकटविलेला कागद एकच गोष्ट सांगतात. पहिल्याने घराची अदब राखली.

ही सर्व थोरवी नव्हे. देवीचा कोप होईल म्हणून लस टोचून घेण्यास विरोध झाला, असंख्य मुले दगावली, अनेकांची दृष्टी गेली. तरीही भाषेने पुढे जे केले ते थक्क करणारे आहे. लस आली आणि लोकांनी तिलाच 'देवी' म्हटले. 'मुलाला देवी काढल्या का?' म्हणजे लस टोचली का. टोचणारा तो 'देवी डॉक्टर'. रोगाचे नाव लसीकडे गेले. देवीला घालवून न देता तिची बाजू बदलली. यासाठी कोणतीही परिभाषा समिती नेमली गेली नव्हती. पुढे देवी निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात, १९७३ ते १९७५ या काळात, आरोग्य कर्मचारी देवीचे फोड आलेल्या बालकाचे छायाचित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर फिरले. चित्र दाखवायचे आणि विचारायचे, असे कोणी पाहिले आहे का? कळविणाऱ्याला बक्षीस. त्या कार्डावर असुर नव्हता, कवटी नव्हती. होते एक आजारी मूल, जे कोणाचेही असू शकत होते. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

पोलिओच्या 'दो बूँद ज़िंदगी की' या घोषणेचेही तेच. किती, ते सांगितले. कशासाठी, ते सांगितले. भीती कोठेच नाही. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला तो देशातला या रोगाच्या मूळ विषाणूचा अखेरचा रुग्ण ठरला. याउलट एड्सविषयीच्या आरंभीच्या फलकांवर कवट्या रंगविल्या गेल्या आणि रुग्ण तपासणीलाच येईनासे झाले. ती चूक दुरुस्त करण्यात कित्येक वर्षे गेली.

आता थोडे आपल्याविषयी. चीनने आरंभीची माहिती दडपली, त्याचा जाब त्याला विचारलाच पाहिजे. तो विचारण्याची जागा आंतरराष्ट्रीय व्यासपीठ आहे. परंतु 'चिनी विषाणू' हा शब्द आपल्या रस्त्यांवर उतरला, तेव्हा त्याचा घाव बीजिंगला बसला नाही. तो बसला मणिपूर, नागालँड, मिझोरामहून आपल्या शहरांत शिकायला व नोकरीला आलेल्या मुलामुलींना. त्यांना 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, थुंकण्याचे प्रकार घडले, आणि मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहून हे थांबविण्यास सांगावे लागले. पूर्वांचल आपला आहे, हे सांगण्यात ज्यांची उमर गेली, त्या कार्यकर्त्यांचे काम एका थिल्लर शब्दाने किती मागे गेले असेल? २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने रोगांना देशाची, माणसांची, प्राण्यांची नावे देऊ नयेत, असे सुचविले होते. १९१८ च्या साथीला 'स्पॅनिश' म्हटले गेले, कारण युद्धात तटस्थ असलेल्या स्पेनची वृत्तपत्रे तिच्याविषयी मोकळेपणाने लिहीत होती. खरे बोलणाऱ्याच्या नावावर रोग चढला.

तीच गोष्ट २२ मार्चच्या थाळीनादाची. सायंकाळी पाच वाजता गॅलरीत उभ्या असलेल्या माणसांना आपण एकटे नाही, हे त्या नादाने सांगितले. तेवढे पुरेसे होते. पण त्या ध्वनिलहरींनी विषाणू मरतो, असे संदेश सुटले आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला त्याच दिवशी त्यांचा इन्कार करावा लागला. काढा घेणे निराळे आणि काढ्याने कोरोना होतच नाही असे सांगणे निराळे. आपल्या परंपरेवर ज्याचा खरा विश्वास आहे त्याने तिच्या नावावर असत्य खपवू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

भाषांतराचे विनोदही झाले. ११ ते १४ एप्रिल २०२१, महात्मा फुले जयंती ते आंबेडकर जयंती, या काळात 'टीका उत्सव' जाहीर झाला. हिंदीत टीका म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि त्याच दिवसांत राज्यातील अनेक केंद्रांवर लस संपल्याच्या पाट्या लागल्याने मराठी अर्थच खरा ठरला. राज्याच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सप्टेंबर २०२० मधील मोहिमेचे नाव मात्र उत्तम होते. राज्यातील तत्कालीन आघाडी सरकारशी आमचे मतभेद होते, पण हे श्रेय त्याचे आहे. 'कुटुंब' म्हटल्यावर घरातल्या आजारी माणसाला 'संशयित' म्हणता येत नाही.

ती मोहीम घरोघर नेली आशा सेविकांनी. तपमापक आणि वही घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या बाईने समोरच्या भेदरलेल्या म्हाताऱ्याला काय सांगितले? 'विलगीकरण' नक्कीच नव्हे. 'आठ-पंधरा दिवस तुमचं ताट-वाटी वेगळं ठेवा, कोपऱ्यातल्या खोलीत निजा, खिडकी उघडी राहू द्या, आम्ही रोज येऊन बघतो', असे काहीसे ती बोलली असणार. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि भाषा संचालनालयाने पुढच्या साथीची वाट न पाहता या सेविकांना बोलावून, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, जी जिची बोली असेल तीत, हे शब्द नोंदवून घ्यावेत आणि आपत्तीच्या आराखड्यात ते औषधांच्या यादीशेजारी ठेवावेत.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण त्या दिवसांत शिधा, औषधे आणि तपासणीसाठी वस्त्यांमध्ये फिरले आहेत. आपण दारात उभे राहून काय बोललात, कोणत्या शब्दाला दार उघडले आणि कोणत्या शब्दाला आतून कडी लागली, ते आठवत असेल तसे लिहून आमच्याकडे पाठवावे. ते क्रमश: प्रसिद्ध करण्याचा आमचा विचार आहे.